मेहुण्यानं आणलेला आरसा

माझ्या सख्ख्या मेहुण्यानं मला फसवलं. पैशात फसवलं असतं तर बाजारातच गाठून तिथल्या तिथं निकाल लावला असता. त्यानं मला दुखण्यात फसवलं. माझ्या तुटलेल्या हाताच्या वेदनेवर इलाज सापडला होता, तो सुरूही झाला होता, आणि त्यानं तो मधेच मोडला. वर दवाखान्यात जाऊन माझ्या नावानं पेढे वाटून आला. हे लिहून ठेवायचं कारण एवढंच की नातेवाइकांत आता वेगळीच गोष्ट फिरते, आणि त्या गोष्टीत मी तापट, संशयी आणि उपकार विसरलेला माणूस आहे. तापट मी आहेच. बाकीचं खोटं आहे.

मी जालन्याच्या बैलबाजारात दलाल होतो. माझा बाप लोकांच्या गोठ्यातलं शेण काढायचा. मी बाजारात आलो तेव्हा दुसऱ्यांचे बैल नुसते दाव्याला धरून उन्हात उभा राहायचो. नव्वद सालापर्यंत अशी स्थिती आली की हसनाबादपासून परतूरपर्यंत कुणाला चांगली जोडी घ्यायची असली की तो आधी माझी चौकशी करायचा. कानशीनं घासून कोवळे केलेले दात, तासून तेल लावलेली शिंगं, मीठ चारून आणि पाणी पाजून फुगवलेलं पोट, यातलं काहीही माझ्यापुढं खपत नसे. हे मला कुणी शिकवलं नाही. शिव्या खात खात शिकलो.

आमचा सौदा तोंडानं होत नसतो. उपरणं टाकायचं, त्याखाली दोघांनी उजवे हात मिळवायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती गर्दी असते, पण आत काय चाललंय ते त्या दोन हातांनाच ठाऊक. समोरच्याला तुमची बोटं दिसत नाहीत, म्हणून तो तुमच्या तोंडाकडे बघत राहतो. तोंडावर जरा काही हललं की गेला सौदा. माझं तोंड दगडाचं होतं. बायको म्हणायची, बारशाला आणि मयताला तुमचं तोंड सारखंच असतं.

मेहुणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, हसनाबादचा. आमच्या लग्नानंतर काही वर्षांनी माझ्याकडे आला आणि राहिला. जनावर कसं बघायचं, गिऱ्हाइकाला कुठं उभं करायचं, हे मी त्याला दाखवलं. उपरण्याखाली मात्र हात घालू दिला नाही. "तुझं तोंड लई बोलतं, तू दावंच धर," असं मी त्याला चारचौघांत म्हणायचो. तोही हसायचा. ज्याला शिकवायचं त्याला बोलावंच लागतं, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मग हात गेला. गोठ्यात विजेवर चालणारं कडबा कापायचं यंत्र होतं. कडबा अडकला आणि त्याच वेळी वीज गेली. मी आत हात घालून अडकलेली ताटं ओढत होतो, खटका चालूच राहिला होता, आणि वीज आली. त्याबद्दल माझं कुणाशी भांडण नाही. विजेशी तर नाहीच, ती आमच्याकडे कधी विचारून आली आहे? उजवा हात मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत गेला. दवाखान्यात बाकीचं नीट कापून शिवलं.

जखम भरली आणि खरं दुखणं सुरू झालं. नसलेला हात दुखायला लागला. तो हात मला जाणवायचा, पाचही बोटांसकट, आणि त्याची मूठ आवळलेली असायची. नखं तळव्यात रुतायची. अंगठा बाकीच्या बोटांखाली अडकून पिरगळला जायचा. मूठ उघडावी म्हटलं तर उघडायला हात कुठं होता? दुपारी जेवून पडलो की बायकोला म्हणायचो, "इथं दाब." ती मी दाखवेन तिथं गादी दाबायची. "तिथं न्हाई, अंगठ्याच्या खाली," मी ओरडायचो. ती बिचारी सरकून गादीचा दुसरा भाग दाबायची. एकदा मी तिला म्हणालो, तुला मुद्दाम चुकीच्या जागी दाबायचं असतं. ती दाबत राहिली. गादीवर त्या जागी खळगा पडला.

तरी मी बाजारात गेलो. पहिल्याच दिवशी परतूरकडचा एक जुना व्यापारी समोर आला. त्याच्याशी माझे कितीतरी सौदे झाले होते, आणि दर वेळी त्याला कमी भावात बैल द्यावा लागला होता. त्यानं आपलं उपरणं उचललं, माझ्या थोट्यावर टाकलं, आत हात घालून चाचपलं आणि गर्दीकडे वळून ओरडला, "अरे, दलाल काहीच मागून न्हाई राह्यला! बैल फुकट हाये, घेऊन जा रे!"

अख्खा बाजार हसला. ज्यांना मी उधारीवर बैल मिळवून दिले होते तेही हसले. मी डावा हात पुढे केला.

"ह्याच्यात हात दे," मी म्हणालो.

"त्यो हात?" तो दोन पावलं मागं सरला. "दलाल, ज्या हातानं सकाळी धुता त्यो माझ्या हातात देता व्हय? माझ्या घरी देव हायेत."

मी त्याच डाव्या हातानं त्याच्या कानशिलात लावली. लोकांनी आम्हाला सोडवलं. मारामारी लगेच थांबली, पण माझं काम संपलं ते संपलंच. बाजारात डाव्या हातानं सौदा कुणी करत नाही, आणि चूक नाही ते, मीही केला नसता. आमच्यात ते अपशकुनाचं आहे.

त्या दिवशी मेहुणा पुढं आला. "दाजी, तुम्ही भाव सांगा, बोट मी दाबतो." मला दुसरा मार्ग नव्हता. आता उपरण्याखाली त्याचा हात आणि बाहेर मी. पण कानात सांगितलेला भाव चार माणसं ऐकतात. म्हणून मी कमी सांगायला लागलो, मग नुसती मान हलवायला लागलो, आणि मग तो मला न विचारताच हात बाहेर काढून "झालं" म्हणायला लागला. काय झालं ते मला नंतर कळायचं. शिवाय माझं तोंड. मधेच मूठ आवळली की माझा जबडा वाकडा व्हायचा, आणि समोरचा समजायचा की दलाल घाबरला. दुखणाऱ्या माणसानं सौदा करू नये. म्हणून मला एकच पाहिजे होतं. हात परत येणार नाही हे मला कळत होतं. मला माझं तोंड परत पाहिजे होतं, दगडासारखं. मग डाव्या हाताची शिसारी कशी मोडायची ते मी पाहून घेतलं असतं. मी त्या बाजाराला याहून अवघड गोष्टी गिळायला लावल्या आहेत.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई नव्यानं आल्या होत्या, पुण्याकडच्या, वयानं माझ्या पोरीएवढ्या. डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. मेहुणा बरोबर होता. बाईंनी टेबलावर एक आरसा उभा केला, माझ्या छातीच्या समोर, दोन हातांच्या मधोमध. थोटा हात आरशाच्या मागं ठेवायला लावला, डावा पुढं.

"अंगठी काढा काका. घड्याळ पण."

"अंगठी न्हाई निघत. लग्नातली हाये."

"उजव्या हातात अंगठी होती का?"

"न्हाई."

"मग काढावी लागेल. आरशात दिसणारा हात तुमच्या उजव्यासारखाच दिसला पाहिजे."

साबण लावून अंगठी काढली. मला राग आला होता. मी म्हणालो, "बाई, मी बाजारात जल्मभर हेच धंदे पकडले. म्हाताऱ्या बैलाला तरुण दाखवायचं. आता तुम्ही डाव्याला उजवा दाखवून राह्यल्या, आन् मला म्हणता इस्वास ठेव."

"विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या. "नुसतं बघा. आणि दोन्ही मुठी हळूहळू उघडा."

"दुसरी मूठ न्हाईये, बाई."

"दुखते ना? मग उघडा तीच."

मी आरशात पाहिलं. तिथं माझा उजवा हात होता. मला ठाऊक होतं तो डाव्याचं प्रतिबिंब आहे, मला सगळं ठाऊक होतं. डाव्या हाताची मूठ मी हळूहळू सोडली. आरशातला हात उघडला. आणि इतके महिने आवळलेली ती मूठ आतून सुटली. नखं तळव्यातून निघाल्यासारखी झाली. अंगठा बाहेर आला. तळव्याला वारा लागला असं वाटलं, आता नसलेल्या तळव्याला वारा कसा लागतो हे मला विचारू नका. मी बाईंना एक घाणेरडी शिवी दिली. त्या हसल्या. त्यांना कळलं होतं की ती शिवी त्यांना नव्हती.

आरशाच्या कडेला माझ्या मागं उभ्या असलेल्या मेहुण्याचा चेहरा दिसत होता. आयुष्यभर मी चेहरे वाचून पोट भरलं. त्या वेळी मी हाताकडे पाहत होतो.

आरसा बाजूला केल्यावर मूठ पुन्हा हळूहळू आवळत गेली. बाई म्हणाल्या, असंच होणार, एकदा करून भागत नाही. हे घरी रोज करायचं, शांत बसून, घाई न करता, आणि अधूनमधून मला दाखवायला यायचं. मेंदूला वाटतंय की हात अजून अडकलेला आहे, तो सुटलाय हे डोळ्यांनी त्याला परत परत दाखवायचं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण तुम्हाला पहिल्याच वेळी आला, म्हणजे आशा आहे. मग त्यांनी मेहुण्याला समजावलं. मला आरसा धरता येणार नव्हता, म्हणून. जाड, सपाट काच घ्या. मोठा आरसा घ्या. मधोमध, सरळ धरा, वाकडा झाला तर उपयोग नाही. आणि चेहरा वाकडा दिसेल असली स्वस्तातली काच बिलकुल नको, हातही वाकडा दिसतो आणि त्रास वाढतो. हे सगळं माझ्यासमोर सांगितलं. मेहुण्यानं दोनदा मान हलवली. "बराबर," तो म्हणाला. "समजलं, बाई."

दुसऱ्या दिवशी तो गावातल्या मस्तगडच्या एका दुकानातून आरसा घेऊन आला. आम्ही ओसरीवर बसलो. त्यानं आरसा धरला. मी पाहिलं, आणि आरशातल्या हाताची मधली दोन बोटं मोडल्यासारखी दिसली. मनगट सुजलेलं. मूठ उघडायला गेलो तर बोटं लांब झाली, आखूड झाली, पाण्यात काठी दिसते तशी. आत मूठ अशी आवळली की मी ओरडलो.

"आरसा सरळ धर."

"सरळच हाये, दाजी."

"मंग असं का दिसतंय?"

"तुम्हाला सवय न्हाई ना. बाई म्हणल्या होत्या, सुरुवातीला असं होतं म्हणून."

बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण दुखण्यानं डोकं फुटत असताना माणूस कोण काय म्हणालं होतं ते आठवत बसत नाही. काही दिवस आम्ही तेच केलं. दर वेळी दुखणं वाढायचं. दर वेळी तो समोर आरसा धरून शांत बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी आरसा फेकून दिला तर उचलून पुसायचा, "उद्या करू," म्हणायचा. इतका शांत तो आधी कधीच नव्हता.

शेवटी मी म्हणालो, मला बाईंकडे ने. तो एकटाच जाऊन आला.

"बाई गेल्या, दाजी. पुण्याला. नोकरी सोडली म्हणं."

"दुसरं कुणी?"

"दुसरं कुणी न्हाई. आन् खरं सांगू का, ही शहरातली थेरं. आरशानं कुठं दुखणं जातं? पोरं खेळतात तसा खेळ हाये त्यो. तुम्ही गोळ्या घ्या आन् आराम करा. बाजाराचं मी बघतो."

दोन वर्षं मी गोळ्या घेतल्या आणि आराम केला. म्हणजे खाटेवर पडून राहिलो. गोळीनं झोप यायची, मूठ झोपत नव्हती. बाजारात जाणं कमी झालं, मग बंदच झालं. तिकडून बातम्या यायच्या. लोक आता जोडी घ्यायला मेहुण्याला विचारतात. मेहुण्याचा हात हलका आहे. मेहुणा दलालापेक्षा गोड बोलतो. तो घरी यायचा, मला आंघोळ घालायचा, पायजम्याची नाडी बांधायचा, कारण एका हातानं ती बांधता येत नव्हती. हे मी लपवत नाही. बायको शेजारणींना सांगायची, माझा भाऊ देवासारखा. नाडी बांधताना तो माझ्या पोटावर हात ठेवून म्हणायचा, "श्वास सोडा, दाजी." मी सोडायचो.

दोन वर्षांनी बायको न्हाणीत घसरली. मनगट मोडलं. पट्टी निघाल्यावर बोटं वळेनात, म्हणून डॉक्टरांनी व्यायामाला पाठवलं. त्याच दवाखान्यात. मेहुणा बाजारात होता, म्हणून तिच्याबरोबर मी गेलो. पडदा सारला आणि समोर बाई.

"काका!" त्या उठून उभ्या राहिल्या. "या या. तुमची आठवण रोज काढते मी. जो येतो त्याला तुमचंच उदाहरण देते."

मी म्हणालो, "तुम्ही पुण्याला गेल्त्या ना?"

"मी? मी कुठंही गेले नाही. इथंच आहे."

तिथं एक बाई बसली होती, परतूरची. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, हात कोपरापासून गेलेला. व्यायामाच्या बाई तिला म्हणाल्या, "मी सांगत होते ना, बैलबाजारातले दलाल, ज्यांची मूठ आठवड्यात उघडली? हेच ते."

त्या जिनिंगवालीनं माझ्याकडे पाहिलं. असं माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नाही, देवाकडे बघतात तसं. आणि नेमकी त्या वेळी माझी मूठ आवळत होती. माझा जबडा वाकडा होत होता.

"कुणी सांगितलं तुम्हाला, उघडली म्हणून?" मी विचारलं.

"तुमचे मेहुणे आले होते ना. पेढे घेऊन. म्हणाले दाजी पूर्ण बरे झाले, तुमच्या पाया पडायला सांगितलंय, पण बाजारातून सवड नाही. सगळ्या विभागाला पेढे वाटले."

"बाई," मी म्हणालो, "मूठ अजून बंद हाये. इथून गेल्यावर एक दिवस सुटली न्हाई."

जिनिंगवाली आपल्या थोट्याकडे बघायला लागली. मी तिला खोटं सांगू शकलो असतो. तेवढी दया दाखवता आली असती. मला तेव्हा कुणावरच दया येत नव्हती.

माझी बायको दाराशी उभी होती, सुजलेला हात छातीशी धरून. घरी आल्यावर म्हणाली, "बाईंचा काही गैरसमज झाला आसंल. पेढे दुसऱ्या कुणाचे आसतील."

"दुसऱ्या कुठल्या दलालाचा हात तुटला जालन्यात?"

"मंग त्याला कुणी तरी चुकीचं सांगितलं आसंल."

"त्यो रोज माझी नाडी बांधतो. त्याला कोण सांगणार, मी बरा झालो म्हणून?"

ती चुलीकडे गेली. पोळी करपली, त्या दिवशी तिनं तीच वाढली.

मी तो आरसा घेऊन पुन्हा गेलो. बाईंनी तो खिडकीसमोर धरला. खिडकीचे सरळ गज आरशात सापासारखे वळले. "हा मी सांगितलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "मी नेमकं हेच नको म्हटलं होतं. यात हात बघून बऱ्या माणसालाही कसंतरी होईल." त्यांनी पुन्हा आपल्या आरशानं सुरुवात केली. या वेळी वेळ लागला. पहिल्या वेळी जे एका बैठकीत झालं त्याला आता आठवडे गेले. बोटं एकेक करून सुटली. अंगठा अजून पूर्ण सुटलेला नाही, थंडीत आत वळतो. मी विचारलं, तेव्हाच नीट केलं असतं तर? त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही, काका. पण तुम्हाला पहिल्या दिवशी गुण आला होता. ही दोन वर्षं कदाचित गेली नसती."

मला माझं तोंड परत मिळालं. ते घेऊन मी बाजारात गेलो. माझ्या जागेवर, लिंबाच्या झाडाखाली, मेहुणा उभा होता. माझ्यासारखंच उपरणं खांद्यावर टाकून. मला बघून म्हणाला, "या दाजी. बसा सावलीत. चहा सांगू का?"

"बाईंना पेढे का दिले?"

त्यानं एकदा आजूबाजूला पाहिलं. "कोणत्या बाई?"

"ज्या पुण्याला गेल्त्या त्या."

त्याचं तोंड हललं नाही. डोळा हलला नाही, ओठ हलला नाही. मला मान्य करावं लागेल, तो शिकला होता. मग तो मोठ्यानं हसला आणि भोवतीच्या लोकांना म्हणाला, "दाजीला गोळ्यांनी भास व्हायला लागलेत. लई दुखणं काढलं बिचाऱ्यानं." लोकांनी माना हलवल्या. त्या परतूरच्या व्यापाऱ्यानं मला बसायला पोतं दिलं. थोबाडीत मारल्यासारखं पोतं.

कुणी माझा डावा हात धरला नाही. ज्या वर्षी त्यांना मी हा हात गिळायला लावायचं ठरवलं होतं ते वर्ष निघून गेलं होतं. दलालाची जागा दोन वर्षं रिकामी राहत नाही.

दिवाळीत तो भाऊबीजेला आला. मी दार अडवून उभा राहिलो. बायको ताट घेऊन मागं उभी होती, निरांजन पेटवलेलं.

"आधी सांग, मंग आत ये," मी म्हणालो.

"दाजी, सणाचा दिवस हाये. ताई उभी हाये."

"तिच्यासमोरच सांग."

तो तिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, येतो मी." आणि गेला. बायकोनं निरांजन फुंकलं. आमच्यात ओवाळायचं निरांजन फुंकून विझवत नाहीत, तिला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग ती मला म्हणाली, "तुमचा हात तर आला न्हाईच. माझा भाऊबी गेला." त्यानंतर तिनं माझी गादी दाबली नाही. आता गरजही नव्हती.

हसनाबादला बैठक बसली, तिच्या चुलत्यांच्या ओसरीवर. सगळी मोठी माणसं जमली. चुलते म्हणाले, "पाव्हणं, पोरगं चुकलं आसंल. पण त्यानं तुमची सेवा केली की न्हाई? आंघोळ घातली की न्हाई?"

"घातली."

"मंग जाऊ द्या. त्यो तुम्हाला शाल-नारळ देईल, पाया पडंल. विषय मिटवा."

"मला शाल नको. त्यानं तोंडानं सांगावं."

"काय सांगावं?"

"आरसा कुठला आणला आन् का आणला. पेढे का वाटले. बाई पुण्याला गेल्या म्हणून का सांगितलं. बास."

मेहुणा भिंतीला टेकून बसला होता, नखं बघत. चुलते म्हणाले, "तुम्ही जरा खाली या. त्यो जरा वर येईल. तुम्ही तर दलाल मानूस, तुम्हाला सांगावं लागतं व्हय?"

मी आयुष्यभर हेच केलं आहे. एकानं खाली यायचं, एकानं वर, मधे कुठंतरी गाठ. पण बैलाचा भाव खाली येतो. माझी दोन वर्षं खाली कुठं येणार? मी त्यांच्या ओसरीवरून चहा न घेता उठलो. आमच्याकडे सोयऱ्याच्या घरून चहा न घेता उठणं म्हणजे नातं तोडण्यासारखं आहे. मी उठलो.

आता ते सांगतात, मेहुण्यानं खरंच गैरसमजानं पेढे दिले, एक दिवस मला बरं वाटलं होतं म्हणून. सांगतात, आरसा दुकानदारानं चुकीचा दिला. सांगतात, पुण्याला बाई गेल्या असं दवाखान्यातल्या शिपायानं सांगितलं. तीन माणसं चुकली आणि तिघांच्या चुकीनं माझी जागा नेमकी त्या एकालाच मिळाली, असा हा हिशेब आहे. मला शिकवू नका. घासलेले दात ओळखायला मला अजून एक हात पुरतो.

म्हणून मी इथं विचारतो, सगळ्यांसमोर. तू माझ्यासमोर बसून तो आरसा धरायचास. माझी मूठ आवळत जाताना तू पाहायचास, मी ओरडताना तू पाहायचास, आणि "उद्या करू" म्हणायचास. ते तू कशासाठी करत होतास? नातेवाइकांनो, तुम्ही त्याच्या बाजूनं बोलू नका. चुलते, तुम्ही नको. बायको, तूही नको. त्यालाच तोंड आहे, आणि मी ओळखतो त्याला, ते तोंड फार बोलतं. आता त्यानं बोलावं. मी जिवंत आहे तोवर त्यानं माझ्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं.